कोकसाचे हात कोणी पळविले?

वेरूळच्या कैलास लेण्यासंबंधी मराठी मुलखात एक जुनी कथा सांगितली जात असे. पंधराव्या-सोळाव्या शतकात होऊन गेलेल्या कृष्ण याज्ञवल्कीने ती आपल्या ‘कथाकल्पतरू’त नोंदवून ठेवली आहे. राजा दुर्धर रोगाने अंथरुणाला खिळला. राणीने नवस केला की, राजा बरा झाल्यास शंकराचे देवालय बांधीन आणि त्याचे शिखर डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला; पण कारागीर म्हणाले, शिखर चढावयास कित्येक महिने लागतील. तोवर राणी जगावी कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे झाला. त्याने डोंगर वरून खाली कोरावयास घेतला, आठवड्याच्या आत शिखर दिसू लागले आणि राणीचा उपवास सुटला.

ही कथा म्हणजे इतिहास नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत, आठव्या शतकात, या लेण्याचे मुख्य काम झाले, हे मधुकर केशव ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी त्याच्या रचनेचा बारकाईने अभ्यास करून दाखविले आहे. परंतु कथेत एक शहाणपण आहे. डोंगर फोडणारा माणूस होता, त्याला नाव होते, गाव होते आणि त्याच्या हातात एक युक्ती होती, एवढे ती विसरत नाही. त्याहूनही जुना पुरावा बडोदे येथे सापडलेल्या, राष्ट्रकूट कुळातील कर्काच्या इ. स. ८१२-१३ च्या ताम्रपटात आहे. हे देवालय पाहून देव चकित झाले, असे वर्णन करून ताम्रपटाचा कवी पुढे सांगतो की, ते घडविणारा शिल्पीही आपल्या कृतीपुढे थक्क झाला आणि हे आपल्या हातून कसे घडले, असे म्हणू लागला. बाराशे वर्षांपूर्वीच्या दरबारी कवीलासुद्धा आश्चर्याचा मान शिल्प्यालाच द्यावासा वाटला.

आज त्याच लेण्यापुढे उभा राहणारा पदवीधर पर्यटक वेगळाच प्रश्न विचारतो. हे मानवी हातांचे काम असणे शक्य आहे काय? एवढा दगड गेला कोठे? कोणते यंत्र वापरले? ते यंत्र घेऊन कोण आले, आणि कोणत्या ग्रहावरून? भिंतींवर छिन्नीच्या खुणा त्याच्या डोळ्यांसमोर असतात. त्या त्याला दिसत नाहीत. लोककथेने जतन केलेले आणि ताम्रपटाने गौरविलेले कोकसाचे हात मधल्या काळात कोणीतरी पळविले आहेत. या चोरीची पाळेमुळे शोधावयाची झाल्यास ती पुराणांत सापडत नाहीत. ती विसाव्या शतकातील काही गुळगुळीत कागदाच्या, चित्रमय, चतुर नियतकालिकांत सापडतात.

रहस्य हेच भांडवल

१९६० साली पॅरिसमध्ये लुई पोवेल्स आणि जाक बेर्जिए या दोघांचे ‘जादूगारांची पहाट’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले आणि हातोहात खपले. त्या यशावर ऑक्टोबर १९६१ मध्ये त्यांनी ‘प्लानेत’ नावाचे द्वैमासिक काढले. विज्ञानकथा, गूढविद्या, मानसशास्त्र, लुप्त संस्कृती, परग्रहवासी आणि अणुविज्ञान यांची एकत्र बांधलेली ही शिदोरी होती. मांडणी देखणी, चित्रे उत्तम, मधूनमधून खऱ्या साहित्यिकांचे खरे लेखन. वाचक अडाणी नव्हता. महायुद्धानंतर नव्याने शिकलेला, पगारदार, विज्ञानाचा दरारा मानणारा पण त्यात शिरकाव न मिळालेला असा तो वर्ग होता. इटली, स्पेन, हॉलंड, अर्जेंटिना अशा अनेक देशांत या नियतकालिकाच्या भावंड-आवृत्त्या निघाल्या. फ्रान्समधील बुद्धिवाद्यांच्या संघटनेला १९६५ साली त्याच्या प्रतिवादासाठी ‘जादूगारांची संध्याकाळ’ या आशयाचे स्वतंत्र पुस्तक काढावे लागले, यावरून त्याच्या प्रभावाची कल्पना यावी.

पुढची साखळी सर्वश्रुत आहे. स्वित्झर्लंडमधील हॉटेल-व्यवस्थापक एरिख फॉन डॅनिकेन यांचे १९६८ चे पुस्तक परग्रहवासी देवांची कल्पना घेऊन जगभर फिरले. १९७३ मध्ये अमेरिकेत ‘एन्शंट अ‍ॅस्ट्रोनॉट सोसायटी’ स्थापन झाली आणि तिने ‘एन्शंट स्काइज’ हे पत्र चालविले. २००९ नंतर हीच सामग्री ‘एन्शंट एलियन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या रूपाने घराघरांत गेली. २०२२ साली नेटफ्लिक्सवर ग्रॅहम हॅनकॉक यांची लुप्त महासंस्कृतीवरील मालिका आली, तेव्हा अमेरिकन पुरातत्त्वज्ञांच्या संस्थेला जाहीर पत्र लिहून, हिची गणना माहितीपटांत करू नका, विज्ञानकथांत करा, अशी मागणी करावी लागली. माध्यम बदलले, माल तोच राहिला.

या मालाची उत्पादनपद्धती समजून घेतली पाहिजे. ही नियतकालिके सहसा विधान करीत नाहीत, प्रश्न विचारतात. ‘असे असू शकणार नाही काय?’ हा त्यांचा लाडका वाक्यप्रयोग. विधान खोटे ठरविता येते. प्रश्न खोटा कसा ठरविणार? पहिल्या पानावर जो प्रश्न असतो तो पाचव्या पानावर शक्यता होतो, दहाव्या पानावर गृहीतक होतो आणि पुढच्या अंकात ‘पूर्वी सिद्ध केल्याप्रमाणे’ म्हणून दाखल होतो. एखाद्या अभ्यासकाने चूक दाखविलीच, तर ती वाचकांच्या पत्रव्यवहारात कोपऱ्यात छापावयाची आणि ‘प्रस्थापितांचा थयथयाट’ असे तिला नाव द्यावयाचे. यातील खरे मर्म मात्र आर्थिक आहे. शास्त्रीय पत्रिकेला कोडे सुटणे हवे असते, कारण सुटलेले कोडे हीच तिची कमाई. रहस्याच्या नियतकालिकाला कोडे सुटणे परवडत नाही, कारण न सुटलेले रहस्य हेच त्याचे भांडवल. पिरॅमिडचे दगड कोणी वाहिले हे कळले, तर पुढचा अंक कशावर विकावयाचा?

विज्ञानही चुकते, हा युक्तिवाद येथे नेहमी पुढे केला जातो. विज्ञान चुकते, हे खरेच आहे. १८६४ साली फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने मादागास्कर आणि भारत येथील प्राण्यांमधील साम्याचा उलगडा करण्यासाठी हिंदी महासागरात बुडालेल्या ‘लेमुरिया’ नावाच्या भूखंडाची कल्पना मांडली. त्या काळातील ज्ञानाच्या मर्यादेत ती रास्त होती. पुढे भूखंड सरकतात हे सिद्ध झाले आणि विज्ञानाने लेमुरिया निमूटपणे सोडून दिला. थिऑसॉफिस्टांनी मात्र तो सोडला नाही. आणि मार्च १९४५ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ या अमेरिकन मासिकाने लेमुरियाच्या आठवणी सांगणारी रिचर्ड शेव्हर यांची कथा सत्याचा आव आणून छापली. चुकणे हा दोष दोन्हीकडे आहे. चूक सोडून देण्याची रीत फक्त एकीकडे आहे.

नऊ अज्ञात आणि एक ज्ञात

या नियतकालिकांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. सम्राट अशोकाने नऊ अज्ञात पुरुषांचे गुप्त मंडळ स्थापिले, त्यांच्याकडे नऊ विद्यांचे नऊ ग्रंथ सोपविले आणि ते मंडळ आजतागायत गुप्तपणे नांदत आहे, ही कथा भारतातील असंख्य सुशिक्षितांनी ऐकली आहे. ती आपल्या प्राचीन वारशाचा भाग आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. वास्तविक या नऊ पुरुषांचा जन्म मगधात झालेला नाही. टॅलबट मंडी या इंग्रजी साहसकथाकाराची या नावाची कादंबरी १९२३ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर’ या अमेरिकन मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. पोवेल्स आणि बेर्जिए यांनी १९६० मध्ये तिच्यातील कल्पना अशोकाच्या इतिहासाशी जोडून गंभीरपणे मांडली. तेथून ती गूढवादी पुस्तकांत गेली आणि शेवटी ‘भारतीय ज्ञानपरंपरा’ या शिक्क्यानिशी भारतात परत आली. आगगाडीच्या प्रवासात वाचून फेकून द्यावयाच्या मासिकातील कल्पित कथा फिरून येते आणि तिला आपण पूर्वजांचा ठेवा म्हणून ओवाळून घेतो!

हे होत असताना खरा अशोक कोठे असतो? तो मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, सोपाऱ्याला असतो. पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये त्याच परिसरात सापडला. या नवव्या लेखात अशोक काय म्हणतो? लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना नाना निरर्थक विधी करतात. खरा मंगलविधी म्हणजे धर्माचरण, आणि त्यात तो दास व चाकर यांना नीट वागविण्याचा उल्लेख सर्वांआधी करतो. राजा दगडावर, सर्वांना वाचता यावे अशा ठिकाणी, लोकांच्या भाषेत बोलतो आहे. गुप्त ग्रंथ नाही, गुप्त मंडळ नाही. उलट, जे सांगावयाचे ते चव्हाट्यावर. असा उघडा अशोक आपल्या दाराशी असताना सुशिक्षितांना नऊ बुरखेधारी पुरुषांचे आकर्षण वाटावे, हा निव्वळ अज्ञानाचा परिणाम नाही. दास आणि चाकर यांची आठवण करून देणारा अशोक अडचणीचा असतो. रहस्य सांभाळणारा अशोक कोणाचीच गैरसोय करीत नाही.

हे कोणाच्या पथ्यावर पडते?

निरुपद्रवी करमणूक म्हणून या साहित्याकडे काणाडोळा करणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. उत्तर अमेरिकेत मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या खोऱ्यांत मातीचे प्रचंड टेकाड-बांध आहेत. ते तेथील मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी बांधले, हे गोऱ्या वसाहतवाल्यांना मान्य करावयाचे नव्हते. म्हणून त्यांनी एका लुप्त, श्रेष्ठ वंशाची कल्पना रचली. १८३० साली मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसला दिलेल्या संदेशात या लुप्त वंशाचा दाखला दिला. एक थोर वंश नाहीसा होऊन आजच्या रानटी टोळ्यांना जागा मिळाली, मग आता या टोळ्यांनी जागा सोडली तर त्यात शोक कशाचा, असा त्याचा मथितार्थ होता. १८९४ मध्ये सायरस टॉमस यांच्या विस्तृत अहवालाने हे थोतांड शास्त्रीयदृष्ट्या निकालात काढले. पण जमिनी गेल्या त्या गेल्याच.

आणि शंभर वर्षांनी काय दिसते? १९९३ मध्ये ‘एन्शंट अमेरिकन’ हे नियतकालिक सुरू झाले. कोलंबसापूर्वी अमेरिकेत जुन्या जगातील लोक येऊन संस्कृती पेरून गेले, हा त्याचा प्रतिपाद्य विषय. कित्येक वर्षे त्याचे संपादक असलेले फ्रँक जोसेफ म्हणजे पूर्वाश्रमीचे फ्रँक कॉलिन, अमेरिकन नाझी पक्षाच्या एका गटाचे पुढारी. हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेली अनेक ज्यू कुटुंबे ज्या स्कोकी गावात राहत होती, तेथून गणवेशातील मोर्चा काढण्याचा हट्ट १९७७ मध्ये धरणारे हेच गृहस्थ. या नियतकालिकाचा प्रत्येक वाचक वंशद्वेष्टा होता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘या लोकांच्या पूर्वजांना हे जमलेच नसते’ हे वाक्य ज्या घरात राहते, त्या घरात असे पाहुणे सहज रुळतात.

आफ्रिकेतही तेच घडले. झिंबाब्वेचे दगडी नगर कार्ल माउख यांनी १८७१ मध्ये पाहिले आणि ते शिबाच्या राणीशी जोडून टाकले. डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-टॉम्प्सन या विदुषीने १९२९ मध्ये उत्खनन करून ते आफ्रिकी लोकांनीच बांधल्याचे दाखविले. तरीही १९६५ नंतरच्या ऱ्होडेशियातील गोऱ्या राजवटीला ते सत्य पेलवेना. स्मारकांचे निरीक्षक असलेले पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांना १९७० मध्ये देश सोडावा लागला. शेवटी १९८० मध्ये ज्यांच्या पूर्वजांनी ते नगर बांधले, त्यांनी स्वतंत्र झालेल्या आपल्या देशाला त्या नगराचेच नाव दिले. हात परत मिळविण्याचा याहून सुंदर प्रसंग विरळा.

आणि जेथे असे नियतकालिक सत्तेच्या मांडीवर जाऊन बसते, तेथे काय होते? जर्मनीत १९२९ पासून ‘गेर्मानिएन’ नावाचे मासिक निघत असे. विल्हेल्म टॉइट नावाच्या हौशी संशोधकाच्या मंडळाचे हे पत्र. एक्स्टर्नश्टाइन येथील नैसर्गिक खडक म्हणजे प्राचीन जर्मन वंशाचे महान पूजास्थान, असे शोध त्यात लागत. विद्यापीठांनी त्याकडे दुर्लक्ष केले. १९३५ मध्ये हिमलरने पूर्वजांच्या वारशाच्या नावाने एसएसची एक संशोधनसंस्था काढली आणि हे मासिक लवकरच तिचे मुखपत्र झाले. प्राचीन चिन्हांपासून आरंभ झालेली ती संस्था पुढे छळछावणीतील कैद्यांवरील प्रयोगांपर्यंत पोहोचली. तिचा कार्यवाह वोल्फ्राम झीव्हर्स याला १९४८ मध्ये फाशी झाली. प्रत्येक गूढ मासिकाची वाट येथवर जाते, असा याचा अर्थ नाही. वाट आहे, आणि ती कोणी अडविल्याशिवाय बंद होत नाही, एवढा अर्थ निश्चित आहे.

‘प्लानेत’चे पोवेल्स नाझी नव्हते. पण त्यांचा पुढचा प्रवासही बोलका आहे. १९७८ मध्ये ते उजव्या विचारांच्या ‘फिगारो मागाझिन’चे संपादक झाले आणि फ्रान्समधील तथाकथित ‘नव्या उजव्या’ विचारवंतांना त्यांनी तेथे आसरा दिला. डिसेंबर १९८६ मध्ये विद्यापीठ-विधेयकाविरुद्ध लाखो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या मारहाणीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच सुमारास पोवेल्स यांनी या पिढीला ‘मानसिक एड्स’ झाल्याचे निदान अग्रलेखातून केले. ज्यांनी तरुणांना नक्षत्रांची स्वप्ने विकली, त्यांना तेच तरुण रस्त्यावर हक्क मागू लागताच रोगट वाटू लागले.

स्वदेशी आवृत्ती

पाश्चात्त्य गूढवाद्यांनी आफ्रिकेचे आणि अमेरिकेचे हात पळविले, एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. आपल्याकडे या मालाची स्वदेशी आवृत्ती निघाली आणि तिच्यावर अभिमानाचे वेष्टन चढले. ‘वैमानिक शास्त्र’ हे याचे ठळक उदाहरण. भरद्वाज ऋषींच्या नावावर खपविला जाणारा हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तोंडी सांगून लिहून घेतलेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच त्याची कसून तपासणी केली. ग्रंथ प्राचीन नाही, त्यातील विमाने उडणे शक्य नाही, आणि रचनाकाराला उड्डाणशास्त्राचे प्राथमिक ज्ञानही नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावर याच ग्रंथाच्या आधारे प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला! परदेशी नियतकालिके संस्कृत ग्रंथाचा हवाला देतात, देशी लेखक परदेशी नियतकालिकांचा हवाला देतात, आणि दोन्हीकडचे वाचक ‘आता तर तेही मान्य करतात’ म्हणून मान डोलावतात. आरशासमोर आरसा ठेवला की दिव्यांची रांग दिसते. दिवा एकच असतो, आणि तोही येथे विझलेला आहे.

पु. ना. ओक यांनी १९६४ मध्ये भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढून ताजमहाल हे मूळचे शिवमंदिर असल्याचा प्रचार केला. त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली. तरी त्यांचा प्रचार थांबला नाही. या वादात हिंदू की मुसलमान एवढाच प्रश्न उरतो. संगमरवर घासणारा, नक्षी बसविणारा, पाया खणणारा मजूर दोन्ही बाजूंच्या आरोळ्यांत हरवून जातो. राजाचा धर्म कोणता यावर डोकी फुटतात. मजुराच्या मजुरीविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही.

ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके विद्येची दारे बंद होती, त्या समाजाने भूतकाळात अभिमानाची जागा शोधावी, हे स्वाभाविक आहे. दीडशे वर्षांच्या परकीय सत्तेने झालेला अवमानही खरा आहे. प्रश्न एवढाच की, अभिमान कशाचा? वैमानिक शास्त्राचा अभिमान बाळगणारा मनुष्य नकळत असे कबूल करीत असतो की, विमान नसते तर आपले पूर्वज मान देण्याजोगे नव्हते. लेणे कोरणाऱ्या पाथरवटाला, पोलाद घडविणाऱ्या लोहाराला, कापड विणणाऱ्या कोष्ट्याला त्याच्या दृष्टीने किंमत नाही. ज्या कारागीर जातींना कालपर्यंत पंगतीत बसू दिले नाही, त्यांच्या हातांचा अभिमान बाळगण्यापेक्षा आकाशात उडणाऱ्या ऋषींचा अभिमान सोयीचा असतो. गूढ इतिहासाचा हा जातीय अर्थ उघडपणे सांगितला गेला पाहिजे.

श्रमाबरोबर शोषणही पुसले जाते

या साहित्याचा सर्वांत मोठा अपराध येथेच आहे. पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले असे एकदा मानले की, ते बांधताना कोणाची हाडे मोडली हा प्रश्नच उरत नाही. जेथे मजूर नाही तेथे मजुरी नाही, उपासमार नाही, राजाचा जुलूम नाही आणि बंडही नाही. श्रम पुसला की शोषण आपोआप पुसले जाते.

खरा इतिहास मात्र या पुसण्याला दाद देत नाही. गिझा येथे १९९० पासून उजेडात आलेल्या दफनभूमीत पिरॅमिड बांधणारे कामगार आणि मुकादम सापडले. त्यांच्या सांगाड्यांवर ओझ्याने झिजलेले मणके आहेत आणि उपचाराने जुळून आलेली मोडकी हाडेही आहेत. जवळच त्यांची वस्ती आणि भाकरीच्या भट्ट्या मिळाल्या. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, वादी अल-जर्फ येथे, पिएर तॅले यांच्या पथकाला खुफू राजाच्या काळातील पपायरस मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा येथील खाणींतून चुनखडीचे दगड होड्यांवर लादून गिझाला नेल्याच्या तारीखवार नोंदी त्याने ठेवल्या आहेत. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा एक मुकादम आपल्या टोळीचा हिशेब लिहितो आहे. यापुढे कोणते रहस्य अधिक रोमांचकारी वाटावे?

त्याच ईजिप्तमध्ये इ. स. पू. बाराव्या शतकात, तिसऱ्या रामेसिसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांना ठरलेले धान्य वेळेवर मिळाले नाही. त्यांनी हत्यारे खाली ठेवली, वस्तीबाहेर पडून देवळांच्या मागे बैठक मारली आणि भूक लागली आहे असे अधिकाऱ्यांना बजावले. इतिहासाला लेखी पुराव्यानिशी ज्ञात असलेला हा पहिला संप; त्याचा पपायरस इटलीत तुरीन येथे आहे. गूढ नियतकालिकांनी ईजिप्तवर काढलेल्या असंख्य पानांत या संपाला जागा मिळत नाही, यात नवल नाही. परग्रहवासी संप करीत नाहीत.

महाराष्ट्राच्या डोंगरांतही असेच बोलके दगड आहेत. कार्ले येथील चैत्यगृहावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने द्वाराचे काम केल्याचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत, नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ठेवलेल्या रकमेची नोंद आहे: दोन हजार कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. राजघराण्यातील पुरुषाने आपला पैसा विश्वासाने विणकरांच्या संघाकडे ठेवावा, एवढी त्या संघाची पत होती. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे. दगड मुके नाहीत. त्यांची वाचा ऐकावयाची की त्यांवर परग्रहाची भाषा लादावयाची, हा प्रश्न आहे.

हसण्याने भागणार नाही

पुरोगामी वर्तुळात या विषयाची टिंगल करण्याची प्रथा आहे. ती पुरेशी नाही आणि योग्यही नाही. ज्या तरुणाच्या हाती गूढ मासिक पडते, त्याला खऱ्या संशोधनाने काय दिले? शाळेने त्याला राजांच्या सनावळ्या दिल्या आणि परीक्षेनंतर त्या विसरावयास लावल्या. उत्खननांचे अहवाल बहुशः इंग्रजीत, महाग आणि ग्रंथालयाच्या कुलुपात. लेण्यापाशी लावलेल्या फलकावर राजवंश असतो, कारागीर नसतो. भूतकाळाविषयीचे कुतूहल ही माणसाची निरोगी भूक आहे. घरात अन्न शिजत नसेल तर तो रस्त्यावरचे उघडे खाणारच. त्याच्या भुकेला हसण्याचा अधिकार चूल न पेटविणाऱ्यांना नाही.

प्रस्थापित विद्वानांना प्रश्न विचारण्याचा सामान्य माणसाचा हक्क समाजवादी कधीही नाकारणार नाहीत. वसाहतवाद्यांच्या इतिहासाला प्रश्न विचारूनच नवा इतिहास लिहिला गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते. पुण्याच्या परिसरातील टेकड्या पायी तुडवून, धनगरांच्या वाटा आणि खेड्यातील म्हसोबा पाहून त्यांनी इतिहासाला नवी दृष्टी दिली. मान्य चौकटीबाहेरचा माणूस इतिहासात भर घालू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण नाही. पण कोसंबींनी पुरावा दाखविला, त्याची मोजमापे दिली, आणि चुकीची दुरुस्ती करण्याचा मार्ग प्रत्येकाला मोकळा ठेवला. गूढ मासिक वाचकाला बंडखोरीची चव देते आणि बंडाची साधने मात्र त्याच्या हातून काढून घेते. ‘विद्वानांवर विश्वास ठेवू नका’ असे सांगून ते त्याला स्वतः विचार करावयास शिकवीत नाही. पुढच्या अंकावर विश्वास ठेवावयास शिकविते.

यावरचा उपाय बंदी हा नव्हे. बंदीने रहस्याचा भाव वाढतो. उपाय कष्टाचा आहे. प्रत्येक लेण्यापाशी, प्रत्येक किल्ल्यावर तो कोणी, कोणत्या हत्यारांनी, कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन बांधला, हे मराठीत लिहिलेले असले पाहिजे. उत्खननांचे निष्कर्ष सोप्या मराठी पुस्तिकांतून एका चहाच्या किमतीत मिळाले पाहिजेत. पाथरवट, गवंडी, सुतार यांना शाळेत बोलावून, खडक कोठून फोडावा आणि छिन्नी कशी धरावी हे त्यांच्याकडून मुलांना शिकविले गेले पाहिजे. ज्याने एकदा घण उचलला तो परग्रहाच्या यंत्राची कथा फार काळ ऐकून घेणार नाही. कामगार संघटनांच्या अभ्यासवर्गांत वेतनश्रेणीबरोबर नाशिकच्या विणकरश्रेणीचा आणि ईजिप्तमधील त्या पहिल्या संपाचाही धडा असला पाहिजे.

ज्या वर्गाला आपल्या पूर्वजांनी जग बांधले याची खात्री नाही, तो ते बदलू शकतो यावर विश्वास कसा ठेवणार? भूतकाळातील प्रत्येक मोठे काम कोणा अज्ञात श्रेष्ठाने केले असे मानणारा समाज भविष्यकाळातील प्रत्येक कामासाठीही अशाच श्रेष्ठाची वाट पाहत बसतो. आणि अशी वाट पाहणाऱ्या समाजाला हुकूमशहा फार काळ ताटकळत ठेवीत नाहीत. म्हणून इतिहासातील हातांची ही लढाई केवळ विद्वानांची नाही. ती ज्यांना आजही हातांवरच पोट भरावे लागते, त्यांची आहे.